अल कुसैसमधलं शिकागो

शिकागोत मी पुढे बरीच वर्षं काढली, पण ते शहर मी पहिल्यांदा पायी हिंडले ते दुबईतल्या अल कुसैसमध्ये, आईबरोबर, ऊन उतरल्यावर. हे मी माझ्या मुलीला सांगते तेव्हा ती "मॉम, दॅट इज सो वीअर्ड" म्हणते आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालते. आता आम्ही सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो आणि भाजी आणायला निघाले तरी गाडीतली एक बाई मला उजवीकडे वळा, डावीकडे वळा म्हणून सांगत असते. मला त्या बाईचा राग येतो. तिला स्वतःला कधी रस्ता चुकण्याची भीती वाटलेली नाही, मग तिच्या सांगण्यात काय अर्थ आहे, असं माझं आपलं म्हणणं. मुलगी म्हणते की मी म्हातारी होत चालले आहे, आणि ते काही खोटं नाही.

तेव्हाच्या आमच्या कुसैसला पत्ता असा नव्हताच. पत्र यायचं ते बाबांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर, आणि माणसं यायची ती खुणांवर. लाल अक्षरांच्या लाँड्रीवरून पुढे, खजुराची तीन झाडं दिसली की उजवीकडे, खाली बकाला आहे तीच बिल्डिंग. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि झाडांपैकी एक वाळून गेलं तेव्हा आमच्याकडे येणारे पाहुणे खरोखर चुकले होते. बाबांचा एअर कंडिशनिंगच्या डक्टच्या कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा. सकाळी खिडकीतल्या एसीची घरघर, मशिदीतली बांग आणि बाबांच्या पिकअपचं तीनदा चावी फिरवल्यावर सुरू होणं, हे सगळं एकमेकांत मिसळूनच मला जाग यायची. स्वयंपाकघरात आईचं काही ना काही चालू असे. खालच्या पठाणाच्या भट्टीवरून गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायचा आणि त्याबरोबर पिठलं खायचं, ही आमची शुक्रवारची मेजवानी. भाकरी करायची नाही म्हणून आई खूश, भाकरी नाही म्हणून बाबा थोडे नाराज, पण खायचे मात्र तेच सर्वांत जास्त. कच्चा कांदा बुक्कीने फोडताना ते अजूनही स्वतःला सातारचे समजत. बाहेरची कामं सगळी बाबांची. आई घरातून खाली उतरायची ती बकाल्यापर्यंत, आणि त्यापलीकडे कुठे जायचं तर बाबांच्या शेजारच्या सीटवर बसून. ती घाबरट होती असं आम्ही सगळे म्हणायचो, ती स्वतःही म्हणायची. तिला रस्ता ओलांडायचा म्हटलं तरी ती माझ्या दंडाला असं धरायची की वळ उठावेत.

आणि मला जायचं होतं शिकागोला, कॉलेजसाठी. आमच्या वर्गातली निम्मी मुलं पुण्या-मणिपालला जायची, दोन-चार कॅनडाला. बारावी झाली की इथून निघायचंच, कारण इथे पुढे आमच्यासाठी काही नाही, हे आम्हाला शाळेतच कळलेलं असे. बाबांना माझी कल्पना आवडली होती. पण त्यांची नेहमीची पद्धत अशी की आवडलेली गोष्ट स्वतः कबूल करायची नाही. "आईला विचार. ती हो म्हणाली तर इन्शाल्ला बघू," एवढं बोलून ते पेपरमागे गेले. आईने सरळ नाही म्हटलं. मी इंग्रजीत भांडत होते आणि ती मराठीत उत्तरं देत होती, आमच्या घरात सगळी भांडणं अशीच व्हायची. शेवटी ती म्हणाली, "जे गाव मी पाहिलं नाही तिथे पोरगी कशी पाठवू? पुणं मला ठाऊक आहे. डेक्कनवर तू हरवलीस तर कुठे उभी असशील ते मला इथे बसून दिसेल. तिथलं मला काही दिसत नाही." मी दार आपटलं. पण रडून झाल्यावर मला वाटलं की तिने नाही म्हणता म्हणता मला एक वाट दाखवलीय. तिला शिकागो दिसायला हवं होतं, एवढंच.

आमच्याकडे देश सोडून जाणारी माणसं निघण्यापूर्वी घरातलं सगळं विकायला काढतात. फ्रीज, पडदे, कुंड्या, अर्ध्या वापरलेल्या मसाल्याच्या बरण्यासुद्धा. दर महिन्याला कुणीतरी जातच असे, त्यामुळे आमच्या घरातली निम्मी भांडीकुंडी गेलेल्या लोकांची होती. अशाच एका विक्रीतून बाबांनी इस्त्रीचं टेबल आणलं, आणि त्याबरोबर फुकट मिळालेल्या खोक्यात शिकागोचं एक जाडजूड गाइडबुक निघालं. कोपरे दुमडलेले, मधल्या नकाशाला चहाचा डाग. आई त्या खोक्यातून झारे-पळ्या निवडत होती आणि मी पुस्तक घेऊन तिच्यासमोर फतकल मारून बसले. "हे घे," मी म्हटलं, "तुझं शिकागो."

आईने ते मनावर घेतलं, ही माझ्या आयुष्यातली एक अजब गोष्ट. तिचं शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी वाचता यायचं, पण ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. दुपारी बाबा साइटवर गेले आणि भांडी झाली की ती पुस्तक उघडायची. पहिलं प्रकरण तिने कुठलं वाचावं? सुरक्षिततेचं. पाकीट कुठे ठेवावं, कुठल्या वस्तीत अंधारात जाऊ नये, रस्ता चुकल्यास काय करावं. ते तिने इतक्यांदा वाचलं की त्या पानांना हळदीचा पिवळा रंग आला. मग ती नकाशाकडे वळली, आणि तिथे तिला एक गोष्ट भलतीच पटली. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथून त्या शहराचे सगळे आकडे सुरू होतात, आणि पूर्वेला पाहावं तिकडे सरोवर. म्हणजे आकडा बघायचा, सरोवर कुठल्या हाताला आहे ते बघायचं, की माणूस कुठे उभा आहे ते कळलंच. "किती शहाणी माणसं आहेत," ती बाबांना म्हणाली. "तुमच्या दुबईसारखं नाही, खजूर वाळला की पाहुणे गेले शारजाला."

थंडीचे दिवस सुरू झाले आणि आम्ही संध्याकाळी फिरायला निघू लागलो. कुणाच्या डोक्यात आधी आलं ते आठवत नाही, पण आम्ही आमची बिल्डिंग स्टेट आणि मॅडिसनचा कोपरा ठरवली. आमच्या पूर्वेला घरं संपून वाळूचं मोकळं मैदान होतं, ते झालं सरोवर. बकाल्याच्या दारात दोन मांजरं कायम बसलेली असायची, म्हणून ते दारात सिंह बसलेलं कलासंग्रहालय. पठाणाची भट्टी म्हणजे तो जगप्रसिद्ध उंच टॉवर, कारण तिचा धूर सगळीकडून दिसायचा. दोन बिल्डिंगांमधल्या गटारावर टाकलेली लोखंडी पट्टी हा नदीवरचा पूल. मी हातात पुस्तक धरून टुरिस्टांना सांगतात तसं सांगत चालायची आणि आई एका हाताने ओढणी सावरत, दुसऱ्याने माझा दंड धरून ऐकायची. पहिल्यांदा मी गाइड होते. महिनाभरात आई माझ्यापुढे गेली. "नीलू, चुकलीस. वाबॅश आधी येतो, मग मिशिगन," ती म्हणायची, आणि मी पान उलटून बघितलं की तिचंच बरोबर असायचं. घरात ही भाषाच होऊन बसली. सरोवराकडची खिडकी लाव, वाळू येतेय. संग्रहालयातून कोथिंबीर आण. बाबांनी एकदा जेवताना गंभीरपणे सांगितलं की पिकअप पुलापाशी लावलीय, सकाळी कुणीतरी आठवण करा. मला त्या संध्याकाळच्या हवेचा वास अजून येतो, भट्टीचा धूर, कुणाच्या तरी घरची तळलेली मासळी आणि गार पडलेली वाळू. शिकागोत इतकी वर्षं राहिले, पण मिशिगन अ‍ॅव्हेन्यू म्हटलं की माझ्या नाकात तो वास आधी येतो, आणि याला माझा इलाज नाही.

मार्चमध्ये कॉलेजचं पत्र आलं. मला घेतलं होतं, थोडी स्कॉलरशिपही होती. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. मला वाटलं, आता काय, आईला शिकागो पाठ आहे. आईने विचारलं, "तिथे तू बसने आणि आगगाडीने फिरणार ना?" मी म्हटलं, ऑफ कोर्स. "मग मला सांग, आपल्या इथून खाडीपलीकडे बर दुबईला जायला कुठली बस?"

मला माहीत नव्हतं. मी चार वर्षांची असल्यापासून त्या गावात राहत होते आणि एकदाही बसमध्ये बसले नव्हते. शाळेची बस दारात, बाकी सगळीकडे बाबांची गाडी. बसने कामगार जातात, आपल्याला काय गरज, असं आमच्यातले सगळेच म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मी एकटीने कधी रस्ता ओलांडला नव्हता, कधी कुणाला पत्ता विचारला नव्हता, दुकानदाराशीसुद्धा बाबाच बोलत. आईकडे मी घाबरट म्हणून बघायची, पण ती निदान पुण्यात पीएमटीला लोंबकळलेली होती. "बर दुबईला मंदिराच्या गल्लीत जायचं, फुलं घ्यायची आणि परत यायचं," आई म्हणाली. "तू न्यायचं मला. नेलंस तर मी हो म्हणेन. नाही तर पुणं." बाबांना सांगायचं नाही, हे आमचं न बोलता ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाबा जेबेल अलीच्या साइटवर गेल्यावर आम्ही निघालो. आईने ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला होता आणि पर्समध्ये ते पुस्तक. रस्त्याच्या ज्या बाजूला आम्ही उभ्या राहिलो ती बाजू आईने निवडली. भारतात जिथे उभं राहतात तिथे ती सवयीने गेली, आणि मी जन्मभर मागच्या सीटवर बसलेली, माझ्या लक्षातच आलं नाही की इथे गाड्या दुसऱ्या हाताने जातात. बस आली. पुस्तकात लिहिलं होतं की चढल्यावर पैसे द्यावेत आणि दाराशी गर्दी न करता मागे सरकत जावं. आम्ही अगदी तसंच केलं. पुढच्या, बायकांसाठी राखलेल्या रिकाम्या सीटांवरून आम्ही दोघी तरातरा मागे गेलो, आणि मागे बसलेले सगळे पुरुष, पाकिस्तानी, बंगाली, आपले आंध्रचे, एकदम उठून उभे राहिले. कुणाला काही सुचेना. ड्रायव्हरने आरशात पाहून बस थांबवली. "आंटी, आगे बैठो. लेडीज आगे," तो मल्याळी हिंदीत ओरडला. आई मान ताठ करून पुढे आली आणि त्याला म्हणाली, "किताब में पीछे लिखा है." तो हसला नाही. बहुतेक त्याला वाटलं असावं, काही धार्मिक असेल.

बस खाडीकाठच्या डेरा भागाकडे जायच्या ऐवजी औद्योगिक भागात शिरली तेव्हा मला शंका आली, आणि शेवटच्या थांब्याला सगळे उतरून गेले तेव्हा खात्री पटली. समोर कामगारांच्या लांबच लांब बराकी, वाळत घातलेले शेकडो शर्ट, धूळ, आणि एकही बाई नाही. ड्रायव्हर म्हणाला की तो आता चहा पिणार, मग परत जाणार, बर दुबईसाठी मग बस स्टेशनवर गाडी बदला. म्हणजे काही झालंच नव्हतं. पण मला ते तेव्हा कळलं नाही. सगळं अमेरिका-बिमेरिका गेलं, असं वाटलं, आणि मी तिथे थांब्याच्या खांबाला धरून हुंदके देऊन रडायला लागले. मला फक्त बाबांना फोन करायचा होता. आईसुद्धा पांढरी पडली होती, मी पाहिलं. तिने माझा दंड घट्ट धरला, नेहमीसारखा. मग हळूच सोडला.

"रस्ता चुकला तर काय करायचं लिहिलंय?" तिने विचारलं. मी रडतच राहिले. "मी सांगते," आई म्हणाली. "चुकल्यासारखं उभं राहायचं नाही. दुकानात शिरायचं, काहीतरी खायला मागायचं, बसायचं आणि मग विचारायचं. चल." थांब्यासमोर एक छोटी कॅफेटेरिया होती. आई स्वतः पुढे होऊन काउंटरवर गेली आणि तिने दोन चहा आणि दोन पराठे मागितले. आतल्या माणसाने घाईघाईने एक टेबल पुसून दिलं आणि मधे पडदा ओढला. मी नाक ओढत पराठा खाल्ला. आई कागदी कपातून चहा पीत पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. भीती नव्हती. नवीन साडी उलगडून बघताना असते तशी काहीतरी उत्सुकता होती. "साखर जास्त घालतात," ती म्हणाली, "पण चहा छान आहे." मी म्हटलं, आता घरी जाऊ. ती म्हणाली, "निघालोच आहोत तर फुलं घेऊन जाऊ."

पुढचं सगळं आईने केलं, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. स्टेशनवर दुसरी बस तिने विचारून काढली. डेऱ्याला उतरल्यावर खाडी कुठल्या हाताला आहे ते पाहून ती चालायला लागली, सरोवर पाहून चालावं तशी. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. तिच्यात आधी पाय ठेवला तिने आणि मग हात मला दिला. पन्नास फिल्स, म्हणजे आपले पाच रुपये, एवढ्यात नदी ओलांडून देतात, असं ती स्वतःशीच म्हणाली. पाण्यावरचं वारं तिच्या ओढणीत शिरलं होतं आणि आई ओढणी सावरत नव्हती. मंदिराच्या गल्लीत आम्ही मोगऱ्याचे गजरे घेतले आणि त्याच वाटेने परत आलो, या वेळी रस्त्याच्या योग्य बाजूला उभं राहून आणि पुढच्या सीटवर बसून. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. परीक्षा होती माझी आणि पास झाली होती आई, हे मला दिसत होतं, आणि पुण्याच्या हॉस्टेलचा फॉर्म कुठल्या खणात ठेवलाय ते मी आठवत होते.

बाबा घरी आधीच आले होते. दाराला कुलूप पाहून ते जिन्यात बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. आम्ही बसने बर दुबईला गेलो होतो हे ऐकून त्यांना राग यावा की हसू, ते ठरवता येईना. तो सगळा प्रकार, औद्योगिक भाग, कॅफेटेरिया, पडदा, आईने त्यांना चपला काढता काढता सांगून टाकला. बाबा माझ्याकडे वळले आणि मग आईला विचारलं, "आणि ही? हिने काय केलं?"

मी मान खाली घातली. आई गजरा ओल्या फडक्यात गुंडाळत होती.

"रडली," ती म्हणाली. "मग चहा प्यायली आणि पुढच्या बसमध्ये चढली. तिकडेही तसंच करेल. पाठवा."

त्यावर बाबा "खलास", म्हणजे झालं, ठरलं, असं म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी आईच्या गळ्यात पडले की नाही ते मला नीट आठवत नाही. मला एवढंच आठवतं की वर्षभर ज्यासाठी भांडले ते मिळालं आणि त्याच क्षणी मला तिथून कुठेही जावंसं वाटेना. मला त्या घरात, त्या कांद्याच्या वासात, कायमचं राहायचं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. ऑगस्टमध्ये सामान बांधताना मी पुस्तक बॅगेत टाकलं तर आईने ते काढून घेतलं. तुला तिथे गाव समोर असेल, मला इकडे लागेल, म्हणाली.

शिकागो पुस्तकातल्यासारखंच होतं. आकडे तिथेच, सिंह तिथेच, सरोवर पूर्वेलाच. फक्त त्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर मी नीट चालायची, बस बरोबर पकडायची, आणि खोलीवर येऊन भिंतीकडे बघत बसायची. दोन आठवडे मी रडू दाबून धरलं, कारण मला ते आईजवळच रडायचं होतं. एका सकाळी, तिकडे संध्याकाळ असेल असा हिशोब करून, मी फोनचं कार्ड घेतलं आणि हॉस्टेलच्या खालच्या फोनवरून घरी नंबर लावला. फोन बाबांनी उचलला. कशी आहेस, जेवतेस का, थंडी आहे का, हे सगळं झालं. आईला दे, मी म्हटलं.

"आई नाही घरी," बाबा म्हणाले.

"म्हणजे? कुठे गेली? कुणाबरोबर?"

"एकटीच. आज शारजाला गेलीय बहुतेक. काल अजमानला गेली होती. बसने." बाबांच्या आवाजात तक्रार होती आणि तिच्याखाली, त्यांना लपवता न येणारं, काहीतरी कौतुकही होतं. मागे कुकरची शिट्टी झाली. म्हणजे भात तेच लावत होते. मी विचारलं, परत कधी येईल. ते म्हणाले, "काय सांगू? तू उद्या कर ना फोन. पण संध्याकाळी नको करू, नीलू. संध्याकाळी ती घरी नसते."

मी फोन ठेवला. मला एकदम पोरकं वाटलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना. रडायचं राहूनच गेलं. वर जाऊन मी बूट घातले आणि बाहेर पडले.